कानसेन आणि गवंडीकाकांचा कॅमेरा

आमच्या दुकानाच्या पाटीवर दोन ओळी आहेत. वरची माझी, ‘कपडे शिवून मिळतील’. खालची दादाची, ‘जुने कॅमेरे दुरुस्त होतील’. रंगाऱ्याची मध्ये रेघ मारायची राहून गेली, त्यामुळे अधूनमधून एखादा शहाणा दारात उभा राहून विचारतो, की कॅमेरे शिवून मिळतील का? पूर्वी अशा माणसाला मी उंबऱ्यावरूनच वाटेला लावायची. आता नाही लावत. एका कॅमेऱ्यासाठी मी खरोखरच कापड बेतलं आहे, आणि त्यानंतर जे झालं ते अजून माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

दुकान म्हणजे एकच खोली. पुढच्या भागात मी, माझं मशीन आणि कापडांचे ढीग. मागच्या भागात दादा, त्याचं टेबल आणि वाकवता येणारा दिवा. मध्ये जाड प्लॅस्टिकचा पडदा. तो दादाने लावला, माझ्यामुळे. माझ्या कात्रीखाली कापड आलं की त्याचा भुसा उडतो, आणि कॅमेऱ्याच्या शटरचा पहिला वैरी म्हणजे हा भुसा. डोळ्याला दिसतही नाही असा एक तंतू पात्यांमध्ये अडकला, तर दिवसभराची मेहनत पाण्यात. म्हणून दादा काम काढण्याआधी जमिनीवर पाणी शिंपडतो, अंगातला शर्ट काढून ठेवतो आणि बनियनवर बसतो. शर्टाचेही तंतू गळतात म्हणे. नवीन गिऱ्हाइकाला आत ओली जमीन आणि उघडाबागडा माणूस दिसला, की त्याला वाटतं आमच्या घरात पाइप फुटलाय.

लहानपणापासून तो मला ‘चिंधी’ म्हणतो, आणि गाव त्याला ‘कानसेन’ म्हणतं. त्याचं कारण त्याचा उजवा कान. वडिलांनी त्याला शिंपीकामाला बसवायचा खूप प्रयत्न केला. पण हा मशीन चालवायच्या ऐवजी त्याला कान लावून बसायचा आणि आत कुठला स्क्रू ढिला आहे ते सांगायचा. शेवटी वडिलांनी हात टेकले आणि त्याला एका घड्याळवाल्याकडे पाठवलं. घड्याळवाल्याकडे एक दिवस बिघडलेला कॅमेरा आला, त्याने तो दादापुढे सरकवला, आणि संपलं. दादा घड्याळांतून उठला तो पुन्हा तिकडे गेलाच नाही.

त्याचं नेहमीचं काम पात्यांच्या शटरचं. भिंगाच्या मागे कागदाहून पातळ अशा पोलादी पात्या असतात. बटन दाबलं की उघडतात आणि मिटतात. जुन्या कॅमेऱ्यातलं वंगण वर्षानुवर्षं पाझरून पात्यांवर येतं, त्या एकमेकींना चिकटतात, आणि लोक काय करतात? तेल घालतात! तेही माझ्याकडून मागून नेलेलं, शिलाई मशीनचं. अशा कॅमेऱ्याचा वास आला, की दादाच्या तळपायाची आग मस्तकात जाते आणि मला पडद्याआडून सुनावणं सुरू होतं. मग तो पुढची कडी फिरवून शटर मोकळं करतो, घड्याळवाले वापरतात त्या पांढऱ्या पेट्रोलने धुतो, वाळवतो, पुन्हा धुतो. पात्या कोरड्या ठणठणीत झाल्या, की कॅमेऱ्याची पाठ उजव्या कानाला लावायची, भिंग बाहेरच्या बाजूला, डोळे मिटायचे आणि बटन दाबायचं. त्या वेळी दुकानात कुणी शिंकलं तरी गुन्हा. मी मशीनवरचा पाय उचलते, गिऱ्हाईक तोंडातला शब्द तोंडात ठेवतं. ‘खर्र’ असा आवाज पुरता एक सेकंद आला पाहिजे. कमी आला की दादा तोंड वाकडं करतो, बरोबर आला की लहान मुलासारखा हसतो. डोळ्याला लावून मात्र त्याने कधी फोटो काढलेला मी पाहिला नव्हता. वहिनी म्हणते, आमच्या लग्नातसुद्धा हे फोटोग्राफरच्या कॅमेऱ्याकडे मान तिरकी करून ऐकत होते, म्हणून सगळ्या फोटोंत नवरा मुलगा कान दुखत असल्यासारखा दिसतो.

तर अशा दुकानात एका सकाळी गवंडीकाका आले. ऐंशीला टेकलेले, ताठ, हाताचे पंजे फावड्याएवढे. त्यांनी टॉवेलात गुंडाळलेला कॅमेरा दादासमोर ठेवला आणि म्हणाले, येत्या रविवारी धुराडं पाडणार आहेत, त्याच्या आत हा चालू झाला पाहिजे.

धुराडं म्हणजे बंद पडलेल्या कारखान्याचं. गावात कुठेही उभं राहा, मान वर केली की तेच दिसायचं. पत्ता सांगायचा तर धुराड्याच्या अलीकडे किंवा पलीकडे असाच सांगायचा. आता त्याला तडे गेले होते, आणि नगरपालिकेने सुरुंग लावून ते एका दमात खाली आणायचं ठरवलं होतं. गावभर दुसरा विषय नव्हता. कुणाची गच्ची मोक्याची यावरून शेजाऱ्याशेजाऱ्यांत अबोले झाले होते.

आणि ते धुराडं काकांनी बांधलं होतं. एकट्याने नव्हे, पण अगदी टोकाच्या विटा त्यांच्या हातच्या. बांधकामावरच्या इंजिनीयरने गाव सोडताना हा कॅमेरा त्यांना विकला, आणि काकांनी पहिला फोटो काढला तो धुराड्याचा. तेव्हापासून त्यांचा नेम होता. काहीही बांधून झालं, शाळेची भिंत असो की पाण्याची टाकी, की एक फोटो. घरी त्यांचा जाडजूड अल्बम आहे. त्यात नुसती बांधकामं, एक माणूस नाही. मी कारण विचारलं तर म्हणाले, माणसं उभी राहिली की भिंत दिसत नाही.

पडतानाचा फोटो त्यांना याच कॅमेऱ्याने काढायचा होता. मी म्हटलं, काका, अख्खं गाव मोबाइल घेऊन बसणार आहे, तुम्ही कशाला जिवाला त्रास करून घेता?

“त्यांचं ते काढतील,” काका म्हणाले. “मी बांधलंय, तर मीच काढणार.”

वाईट वाटत असेल ना, असंही मी विचारून पाहिलं. त्यावर त्यांनी मलाच वेड्यात काढलं. विटा आहेत, विटांचं कसलं वाईट वाटायचं?

दादाने कॅमेरा उघडून दिव्यासमोर धरला आणि त्याचा चेहरा पडला. हा पात्यांचा नव्हता, पडद्याचा होता. अशा कॅमेऱ्यात फिल्मच्या अगदी पुढ्यात रबर चढवलेल्या रेशमाचे दोन काळे पडदे असतात. बटन दाबलं की एक पुढे पळतो, दुसरा त्याच्या मागे पळतो, आणि दोघांमधल्या फटीतून फिल्मवर उजेड पडतो. फट जेवढी अरुंद तेवढा फोटो झटपट. पडणारं धुराडं न हलता पकडायचं तर सेकंदाचा पाचशेवा भाग हवा, म्हणजे फट अगदी काडीएवढी. आणि काकांच्या कॅमेऱ्यातले पडदे कडक होऊन त्यांची चाळण झाली होती.

असं कापड आता कुठे मिळणार? मी आपली कोपऱ्यातली चिरगुटं उपसून एकेक काळा तुकडा दाखवत होते, आणि दादा मान हलवत होता. मग एकदम उठला आणि स्वतःची काळी पिशवी घेऊन आला. उजेड न लागू देता फिल्म हाताळायची ती पिशवी. तिच्या आतल्या अस्तराला अगदी हवं तसं पातळ रबरी कापड होतं. ती पिशवी तो वहिनीलाही हात लावू देत नसे. माझ्यापुढे टाकून म्हणाला, उसव.

मला काय स्फुरण चढलं म्हणून सांगू! आयुष्यभर माझ्या भुशाच्या नावाने बोटं मोडणारा माणूस मला आपल्या टेबलाशी बोलावत होता. मी डोक्याला रुमाल बांधला, हात कोपरापर्यंत धुतले. दादाने जुना पडदा कापडावर ठेवून पांढऱ्या पेन्सिलीने रेघ आखली. मी कात्रीला धार लावून आणली आणि श्वास रोखून दोन्ही पडदे कापले. दादाने ते फितींना चिकटवले, वाळवले, रुळांवर चढवले. शुक्रवारी सकाळी कॅमेरा कानाला लावून त्याने बटन दाबलं.

“पडदा ओढतोय,” तो म्हणाला.

मला तर काहीच वेगळं ऐकू आलं नाही. पण दादा जागचा उठला, दुकानातला जुना डबा टीव्ही चालू केला आणि कॅमेऱ्याची पाठ उघडून भिंगातून टीव्हीकडे बघत बटन दाबू लागला. पडदे नीट पळत असतील, तर टीव्हीच्या पडद्यावरचा उजेड आतून सरळ, एकसारख्या जाडीच्या पट्ट्यात दिसतो. येणाऱ्याजाणाऱ्याला मात्र वाटतं, हा माणूस कॅमेऱ्यातून मालिका बघतोय. पट्टा उजवीकडे जाऊन बारीक होत होता आणि शेवटी मिटतच होता. म्हणजे फोटोची एक कड काळी येणार. काकांचं धुराडं नेमकं त्याच बाजूला पडलं तर?

“तुझा भुसा,” दादा म्हणाला.

मग मीही ऐकून घेतलं नाही. इतकं निगुतीने काम केल्यावर वर हे! आमची चांगलीच जुंपली. वहिनी मध्ये पडली तर दोघांनीही तिलाच गप्प केलं. दादाने पुन्हा सगळा कॅमेरा खोलला, भिंगाखाली एकेक कोपरा तपासला. तंतू एकही नव्हता. मग त्याने नवा पडदा काढून जुन्यावर ठेवला. नवा रुंद होता. केसाएवढाच, पण होता, आणि तेवढ्यानेच कडेला घासत होता.

दादाने माझ्याकडे बघितलं आणि अगदी हळू आवाजात विचारलं, मी कात्री रेघेवरून चालवली की रेघेच्या बाहेरून?

बाहेरून! रेघेवर कुठला शिंपी कापतो? रेघेबाहेर थोडं राखायचं, माणूस जाड झाला तर उसवून सोडायला होतं. वडिलांनी शिकवलेलं हे हातात इतकं मुरलेलं, की डोक्याला विचारावं लागतच नाही. मी हे म्हटलं मात्र, दादाचा राग कुठल्या कुठे पळाला. तो पोट धरून हसत सुटला. कॅमेरा पुढेमागे जाड होईल म्हणून तू मार्जिन ठेवलंस, असं त्याने वहिनीला बोलावून सांगितलं, दुधवाल्याला सांगितलं, आणि फोनवरून त्या म्हाताऱ्या घड्याळवाल्यालाही सांगितलं. मी लाजेने आणि हसण्याने दोन्हीकडून लाल झाले.

ती कड पुन्हा कापली. या वेळी रेघेवरून. शनिवारभर चिकटवलेलं वाळत होतं, आणि आम्ही तिघं उगाच टेबलाभोवती घिरट्या घालत होतो. संध्याकाळी दादाने शर्ट काढला, पाणी शिंपडलं, कॅमेरा कानाला लावला. बटन दाबलं. पुन्हा दाबलं. आणि हसला. टीव्हीवर पट्टा या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखा, पट्टीने आखल्यासारखा. माझा जीव भांड्यात पडला. काका आले तेव्हा दादाने त्यांना फिल्म भरून दिली, पाचशेचा आकडा लावून दिला, आणि उद्या ऊन कडक असेल म्हणून भिंगाचं तोंड पार बारीक करून दिलं.

रविवारी आमच्या दुकानावरच्या गच्चीत काका पहाटेच येऊन बसले होते, इस्त्रीचा शर्ट घालून. गावातल्या प्रत्येक गच्चीवर माणसं. मुलं टाक्यांवर चढलेली, बायका कठड्याला रेलून, सगळ्यांचे मोबाइल वर. कर्ण्यावरून सूचना येत होत्या, कुत्री भुंकत होती, आणि मला तर एका जागी उभं राहवत नव्हतं. समोर घरांच्या वर ते धुराडं निवांत उभं होतं, जसं काही आज दुसऱ्याच कुणाला पाडणार आहेत.

पहिला इशारा झाला. काकांनी कॅमेरा डोळ्याला लावला. दुसरा इशारा झाला, तेव्हा मी त्यांच्या हातांकडे बघितलं. ते हात, ज्यांनी त्या उंचीवर दोरीला लोंबकळून विटा रचल्या, लटलट कापत होते. काकांनी कॅमेरा खाली घेतला, परत वर नेला, परत खाली घेतला.

“हात ऐकत नाहीत रे,” ते दादाला म्हणाले. “तू दाब.”

दादाच्या तोंडचं पाणी पळालं. पण नाही म्हणायला वेळच नव्हता. काकांनी कॅमेरा त्याच्या हातात कोंबला आणि तिथे उभं राहवेना म्हणून गच्चीच्या उजव्या टोकाला, कठड्याशी जाऊन उभे राहिले. कर्ण्यावर उलटे आकडे सुरू झाले. सगळं गाव आकडे ओरडत होतं, मीही ओरडत होते, आणि शून्य झाल्यावर एकदम सगळं चिडीचूप झालं.

धुराड्याच्या पायातून धुळीचा गोळा उठला. आवाज अजून आमच्यापर्यंत पोचला नव्हता. धुराडं जागच्या जागी हललं, थोडं थांबलं, आणि कलायला लागलं. मी दादाकडे वळले. त्या शांततेत त्याने डोळे मिटले होते, मान तिरकी केली होती, आणि कॅमेरा उजव्या कानाला लावला होता.

मी ओरडायच्या आत त्याने बटन दाबलं. मग स्फोटाचा आवाज आला, पायाखालची गच्ची हादरली, धूळ आभाळभर पसरली आणि सगळ्या गच्च्यांवरून आरडाओरडा, टाळ्या, शिट्ट्या सुरू झाल्या. दादाने डोळे उघडले. हातातल्या कॅमेऱ्याकडे बघितलं. समोर बघितलं. तिथे काहीच नव्हतं.

“चिंधे,” तो मला म्हणाला, “मी ऐकला गं. आवाज अगदी बरोबर होता.”

काका परत आले, अंगावर धूळ, चेहरा कोरडा. मिळालं का, एवढंच त्यांनी विचारलं. धुतल्याशिवाय कसं कळणार, असं म्हणून मीच वेळ मारून नेली. काका मान हलवून जिना उतरले. दादा टाकीला टेकून खाली बसला. इतक्या वर्षांत लाख वेळा बटन दाबलं, आणि ज्या एका वेळी डोळ्याला लावायचा होता त्या वेळी कानाला लावला, असं तो स्वतःशीच बोलत राहिला. मला त्याच्यावर चिडायचं होतं. पण मी कुठल्या तोंडाने चिडणार? माझ्याही हाताने कात्री रेघेबाहेरूनच चालवली होती.

फिल्म त्याने तशीच वरच्या न्हाणीघरात, अंधार करून धुतली. काय आलं असणार ते माहीत होतं, तरी धुतली. ओली पट्टी उजेडाला धरली, पुन्हा डोळ्याजवळ नेऊन बघितली. मग बनियनवरच जिना उतरून स्टुडिओवाल्याकडे धावला. संध्याकाळी तिथून निघालेला फोटो पाकिटात घालून आम्ही दोघं काकांकडे गेलो.

दादाने दारातच सगळं सांगून टाकलं. धुराडं आलेलं नाही, चूक माझी, कॅमेरा मी कानाला लावला, सवय नडली. काका खाटेवर बसून ऐकत होते. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी नुसतं असू दे म्हटलं आणि अल्बम बाजूला सरकवला. पुढचं पान त्यांनी आधीच मोकळं करून ठेवलं होतं.

दादाने पाकीट पुढे केलं. ते काकूंनी घेतलं, उघडलं, आणि फोटो खिडकीशी नेऊन बघितला.

“अहो,” त्या म्हणाल्या, “हे तुम्ही आहात.”

फोटोत गच्चीचा कठडा होता आणि कठड्याशी काका. कठड्यावरून निम्मे बाहेर झुकलेले, चपलेतून एक टाच सुटलेली, तोंड उघडं. दोन्ही हात पुढे लांब फेकलेले, पंजे उघडे, खाली पडणारं मूल झेलायला आई फेकेल तसे. धुराडं कुठेच नव्हतं. पण बोटं न् बोटं मोजून घ्यावीत इतकी स्पष्ट होती, आणि हवेत उडालेली शर्टाची बाहीही जागच्या जागी थांबलेली. शटर नावाला जागलं होतं.

काकांनी चष्मा लावला. फोटो जवळ नेला, लांब नेला. आपण असं काही केल्याचं त्यांना आठवतच नव्हतं. मी तर ताठ उभा होतो, असं ते दोनदा म्हणाले. दादा खाली मान घालून उभा होता, काकू पदराने डोळे टिपत होत्या, आणि मी काकांचे हात बघत होते. ते आता कापत नव्हते. त्यांनी अल्बम ओढून घेतला, मोकळ्या पानावर फोटो ठेवला आणि चारी कोपरे अंगठ्याने नीट दाबले.

“धरायला गेलो होतो बघ,” काका म्हणाले. “सुटलं हातातून.”